रविवारच्या शिफ्टचा भाव कोण ठरवतं? ऑस्ट्रेलियातली अवॉर्ड पद्धत आणि कामातली लवचिकता

मेलबर्न-सिडनीला शिकायला गेलेल्या मराठी पोरांना तिथला कामगार कायदा पुस्तकातून कळत नाही, पगाराच्या स्लिपमधून कळतो. सुपरमार्केटमध्ये किंवा कॅफेत शिफ्ट केली की मंगळवारचा रेट एक, शनिवारचा वेगळा, रविवारचा आणखी वेगळा, आणि ख्रिसमसला काम केलं तर एकदम दुपटीच्या वर. मॅनेजरला विचारलं की हे तुम्ही ठरवलंत का, तर तो म्हणतो छे, हे अवॉर्डमध्ये आहे.

अवॉर्ड म्हणजे लवादाचा निवाडा. एखाद्या धंद्यातल्या सगळ्या मालकांना आणि कामगारांना लागू होणारा, पगार, तास, सुट्ट्या, भत्ते, ओव्हरटाइम सगळं लिहून ठेवलेला कागद. ब्रिस्बेनमधला दुकानदार असो की होबार्टमधला, दुकान असेल तर एकच अवॉर्ड. आता प्रश्न असा की सगळं जर वर बसून कुणीतरी ठरवणार असेल तर खाली एखाद्या दुकानाला, कारखान्याला, किंवा एखाद्या आईला शाळेच्या वेळेप्रमाणे काम करायचंय तर तिला, काही इकडचं तिकडे करता येतं का? टीका करणारे शंभर वर्षं म्हणत आले की नाही येत, ही पद्धत म्हणजे लाकडासारखी ताठ आहे. मला हे अर्धंच खरं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या लवादाने लवचिकतेला फारसं कधी नाही म्हटलं नाही, त्याने तिला भाव लावला. वाकवा हवं तेवढं, पण वाकवायचे पैसे पडतील. रिक्षाला रात्री बारानंतर जादा भाडं पडतं ना, तसंच, रिक्षा बंद नसते, मीटर वर जातो. गेल्या चाळीस वर्षांतली सगळी भांडणं ही त्या जादा भाड्याची आहेत, ते किती असावं, ते माफ करायचा हक्क कुणाला असावा, आणि कामगाराने ते "स्वखुशीने" सोडलं असं कधी म्हणायचं.

पण आधी हे सुरू कसं झालं ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही.

१८९० च्या दशकात तिथे मोठमोठे संप झाले, आधी बंदरांवर आणि जहाजांवर, मग मेंढ्यांची लोकर कापणाऱ्यांचे. कामगार हरले, सरकारं हादरली. १९०१ मध्ये राज्यं एकत्र येऊन देश झाला तेव्हा घटनेत एक कलम घातलं गेलं की एका राज्याच्या हद्दीबाहेर पसरलेले औद्योगिक तंटे सलोख्याने आणि लवादाने मिटवण्यासाठी केंद्राला कायदा करता येईल. १९०४ मध्ये तो कायदा आला आणि लवादाचं कोर्ट उभं राहिलं.

१९०७ चा हार्वेस्टर निकाल हा या सगळ्याचा मुळारंभ. एच. व्ही. मॅके नावाचा कारखानदार, मेलबर्नजवळ सनशाइनला शेतीची यंत्रं बनवायचा. तेव्हा सरकारचा सौदा असा होता की बाहेरच्या मालावर जकात लावून आम्ही तुम्हाला वाचवतो, पण तुम्ही कामगाराला "वाजवी आणि योग्य" पगार द्या, दिला तर तुमच्यावरचं उत्पादन शुल्क माफ. मॅके ती शुल्कमाफी मागायला गेला, न्यायमूर्ती हिगिन्स यांनी विचारलं वाजवी म्हणजे किती, आणि धंद्याला काय परवडतं हे बाजूला ठेवून घरभाडं, किराणा, सरपण यांचा हिशेब मांडला. नवरा-बायको आणि तीन पोरं काटकसरीने पण माणसासारखी जगायची तर अकुशल कामगाराला दिवसाला ७ शिलिंग लागतात, म्हणजे आठवड्याला ४२. ज्या कायद्याखाली हा निकाल दिला तो कायदाच पुढच्या वर्षी हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय) रद्द केला, पण हिगिन्स स्वतःच लवाद कोर्टाचे अध्यक्ष होते, त्यांनी तो ७ शिलिंगाचा मापदंड पुढच्या निवाड्यांत वापरला आणि तो रुजला. बाईला मात्र कुटुंब पोसायचं नसतं असं गृहीत धरून तिचा दर कितीतरी खाली ठेवला, आणि समान मोलाच्या कामाला समान पगार हे तत्त्व मान्य व्हायला १९७२ उजाडलं, तेव्हा या पद्धतीची आरती ओवाळताना एवढं लक्षात असू द्यावं.

आता एक मजेशीर भाग. घटनेतले शब्द नीट बघा, तंटा हवा आणि तो एकाहून जास्त राज्यांत पसरलेला हवा. तंटा नसेल तर लवादाला अधिकार नाही. मग युनियनने काय करावं? मागण्यांची एक भली मोठी यादी टाइप करायची, दोन-तीन राज्यांतल्या शेकडो मालकांना पोस्टाने पाठवायची, मालक अर्थातच उत्तर देत नाहीत किंवा नाही म्हणतात, झाला तंटा! कागदावरचा, पण कायद्याने खरा. आणि लवादाला त्या यादीच्या बाहेर जाऊन काही देता येत नसल्यामुळे युनियन मुद्दाम अचाट मागायची, अव्वाच्या सव्वा पगार आणि रजा, म्हणजे पुढची कित्येक वर्षं त्याच तंट्याच्या पोटात राहून थोडी थोडी वाढ घेत राहता यावी. कारखान्यात सगळे गुण्यागोविंदाने चहा पीत असतात आणि कोर्टात त्यांचा भयंकर तंटा चालू असतो. केंद्रीकरण असं पोस्टाच्या तिकिटांवर उभं होतं.

या सगळ्यात कामाच्या जागी काय व्हायचं? दोन गोष्टी. एक, कामाचं बारीक बारीक वर्गीकरण. अवॉर्ड धंद्याप्रमाणे तसा हुद्द्याप्रमाणेही बनत गेला, आणि धातू उद्योगाच्या अवॉर्डमध्ये एका काळी ३०० च्या वर वर्ग होते. हे यंत्र चालवणारा वेगळा, ते दुरुस्त करणारा वेगळा, त्याची वायर जोडणारा तिसऱ्याच युनियनचा. मशीन बंद पडलं तर उभा असलेला माणूस हात लावत नाही, कारण ते त्याचं काम नाही आणि लावला तर दुसऱ्या युनियनशी वाद. इथे टीकाकारांचं खरं आहे, हा ताठपणा होता आणि महागात पडत होता.

दुसरी गोष्ट मात्र उलटी. तासांच्या बाबतीत लोकांनी नियमाच्या पोटातच खूप जागा काढली. ४० तासांचा आठवडा १९४८ पासून होता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला धातू उद्योगापासून सुरू होऊन तो ३८ वर आला. आता ३८ ला ५ ने भागलं तर दिवसाला ७ तास ३६ मिनिटं, कारखान्यात हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही, २४ मिनिटं आधी मशीन बंद करून काय करणार? मग असं ठरलं की रोज ८ तासच भरायचे, पण चार आठवड्यांत २० ऐवजी १९ दिवस यायचं. १९ गुणिले ८ म्हणजे १५२, भागिले ४ म्हणजे बरोबर ३८. विसावा दिवस पगारी सुट्टी. बांधकामावर आजही ती आरडीओची (रोस्टर्ड डे ऑफ) सुट्टी म्हणजे जीव की प्राण, बहुतेकदा सोमवारी येते, त्यामुळे शनिवार-रविवार-सोमवार सलग मिळतात. मालकाची यंत्रं पूर्ण दिवस चालली, कामगाराला मोकळा दिवस मिळाला, आणि केंद्राचा ३८ चा नियम अक्षरशः पाळला गेला. अशी लवचिकता कुणाला दिसत नाही कारण त्यावर भाषणं होत नाहीत.

१९८० च्या दशकात हवा फिरली. डिसेंबर १९८३ मध्ये डॉलर बाजारावर सोडला, मग जकाती उतरत गेल्या, आणि ज्या भिंतीआड हा पगाराचा सौदा उभा होता ती भिंतच खाली यायला लागली. गंमत म्हणजे बदल कामगारांच्याच बाजूच्या सरकारने आणला, आणि तोही केंद्रीय लवादामार्फत. हॉक सरकार आणि कामगार संघटनांची शिखर संस्था यांच्यात १९८३ पासून करार होता, त्याच्या चौकटीत १९८७ मध्ये लवादाने पगारवाढीचे दोन मजले केले. पहिला मजला सगळ्यांना सरसकट, दुसऱ्यातली ४ टक्क्यांपर्यंतची वाढ हवी असेल तर तुमच्या जागी कामाची पद्धत सुधारून दाखवा. म्हणजे केंद्रच खाली सांगत होतं की बाबांनो लवचिक व्हा, पैसे देतो. काही ठिकाणी यावरून चहाची सुट्टी, अंघोळीची वेळ असल्या गोष्टींवर घासाघीस झाली, ते जरा केविलवाणंच होतं. पण पुढच्या टप्प्यात धातू उद्योगाचे ते ३०० च्या वरचे वर्ग १४ वर आले, शिक आणि वर चढ अशी शिडी तयार झाली, आणि हे कुठल्याही एकट्या कारखानदाराला आपल्या बळावर जमलं नसतं, कारण पाच-सहा युनियन एका टेबलावर आणायला वरचाच कुणीतरी लागतो.

मग १९९१. सरकार, युनियन आणि मालक या तिघांचीही, आपापल्या कारणांनी, मागणी होती की आता कंपनीपातळीवर करार होऊ द्या. एप्रिलमध्ये लवाद आयोगाने (जुन्या लवाद कोर्टाची जागा एव्हाना त्याने घेतली होती) नाही म्हटलं, दोन्ही बाजू अजून त्यासाठी तयार नाहीत असा सूर लावला, भयंकर आरडाओरडा झाला, ऑक्टोबरमध्ये हो म्हटलं. १९९३ मध्ये पंतप्रधान कीटिंग यांनी दिशा स्पष्ट केली आणि कायदाही झाला. मुख्य करार कंपनीत होईल, अवॉर्ड खाली जाळं म्हणून राहील. म्हणजे सोप्या भाषेत, वरच्याने मजला बांधून दिला, वरचं घर तुम्ही बांधा, पण मजल्याखाली खणायचं नाही.

खणायचं नाही हे तपासणार कसं? इथेच सगळी गोम आहे. समजा हिशेबाला सोपा म्हणून मूळ दर तासाला २६ डॉलर धरला. दुकानांच्या सध्याच्या अवॉर्डप्रमाणे कायम नोकरीतल्या माणसाला रविवारी दीडपट म्हणजे ३९, सार्वजनिक सुट्टीला सव्वादोनपट म्हणजे ५८ डॉलर ५० सेंट. (रविवार आधी दुप्पट होता, २०१७ च्या निकालानंतर टप्प्याटप्प्याने कमी केला, त्यावरून झालेली बोंबाबोंब वेगळीच.) आता मालक म्हणतो मला रविवारची कटकट नको, सगळ्या दिवशी २९ देतो, सोमवार असो की रविवार. वाईट आहे का? सोमवार ते शुक्रवार काम करणाऱ्याला तर लॉटरीच. पण कॉलेजात शिकणारा जो पोरगा फक्त शनिवार-रविवारच येतो तो प्रत्येक रविवारच्या तासाला १० डॉलरने झोपला. एकाच करारात एक वर गेला, एक खाली, आणि कागदावर दोघांचाही "दर वाढला".

हे काल्पनिक नाही. कोल्स ही तिथली सुपरमार्केटची मोठी साखळी, तिचा दुकान कामगारांच्या मोठ्या युनियनबरोबर करार झाला होता, मूळ दर अवॉर्डपेक्षा जास्त, जादा दर कमी. अर्धवेळ काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने त्याला आव्हान दिलं आणि २०१६ मध्ये आयोगाच्या पूर्ण पीठाने सांगितलं की रात्री आणि शनिवार-रविवार काम करणारे काही लोक अवॉर्डपेक्षा तोट्यात जातायत, हा करार कसोटीला उतरत नाही. युनियनने सही केलेला करार एका अर्धवेळ माणसामुळे अडकला, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

मधे एक प्रयोग झाला तो सांगितलाच पाहिजे. हॉवर्ड सरकारने २७ मार्च २००६ पासून वर्कचॉइसेस नावाचा कायदा लागू केला. त्यात मालक आणि एकेकटा कामगार यांच्यात करार करता येत होता (ते १९९६ पासूनच होतं), पण आता तोटा होतो का हे तपासायची अट काढली आणि किमान वेतन, ३८ तास, रजा अशा पाच गोष्टी सोडून बाकी सगळं करारात उडवता यायला लागलं. एका मोठ्या दुकानसाखळीने देऊ केलेला करार गाजला, त्यात तासाला २ सेंट जास्त मिळत होते आणि बदल्यात रविवारचे, ओव्हरटाइमचे जादा दर गेले होते. २ सेंट! बाकी शेकडो पानांचा कायदा लोकांच्या लक्षात राहिला नाही, हा आकडा राहिला. सरकारने मे २००७ मध्ये घाईघाईने कसोटी परत आणली, उपयोग झाला नाही, नोव्हेंबरच्या निवडणुकीत सरकार हरलं आणि हॉवर्ड स्वतःची बेनेलॉंगची जागासुद्धा हरले. त्याआधी पंतप्रधान असताना स्वतःची जागा हरलेले एकच गृहस्थ होते, स्टॅन्ली ब्रूस, १९२९ मध्ये, आणि तेही केंद्रीय लवाद मोडीत काढायला निघाले होते. तिथल्या राजकारण्यांना हा धडा बहुतेक पाठ असावा.

सध्या चालू आहे तो २००९ चा फेअर वर्क कायदा. दीड हजाराच्या वर जुने अवॉर्ड गाळून २०१० पासून १२२ केले. त्यावर कंपनी करार, आणि त्याला कसोटी एकच, अवॉर्डपेक्षा एकंदरीत बरं असलं पाहिजे. पण एकेकट्या माणसाला काय? त्याच्यासाठी प्रत्येक अवॉर्डमध्ये एक कलम आहे. समजा तुम्ही कायम नोकरीत आहात, दुकानाचे साधे तास सकाळी ७ पासून धरतात, पण तुम्हाला पोराला दुपारी शाळेतून आणायचंय म्हणून ६ ला येऊन लवकर जायचंय. ७ च्या आधीचा तास म्हणजे जादा पैसे, मालक म्हणतो तुझ्या सोयीसाठी मी का देऊ, त्याचंही चूक नाही. तर लेखी करार करायचा, दोघांनी सह्या करायच्या, एकंदरीत तुमचं अवॉर्डपेक्षा बरं होतंय हे त्यात मांडायचं. बदलता येतात त्या गोष्टी मोजक्या, कामाची वेळ, ओव्हरटाइम, जादा दर, भत्ते, रजेवरचं लोडिंग (म्हणजे रजेच्या पगारावर मिळणारी जादा रक्कम). नोकरी देताना ही अट म्हणून घालता येत नाही, आणि १३ आठवड्यांची नोटीस देऊन कुणीही एकटा मोडू शकतो. कलम चांगलं आहे, पण खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी असले बदल मॅनेजरशी तोंडी बोलूनच होतात, सगळं गोडीत असतं तोवर चालतं आणि बिनसलं की मागच्या ओव्हरटाइमचा हिशेब निघतो.

आणि मग कॅज्युअल. हा या सगळ्या पद्धतीचा मागचा दरवाजा. कायम माणसाला रजा, नोटीस, ठरलेले तास. कॅज्युअलला यातलं जवळजवळ काही नाही, त्याऐवजी २५ टक्के लोडिंग. म्हणजे आपल्या २६ च्या हिशेबात साध्या दिवशी ३२ डॉलर ५० सेंट, रविवारी ४५ डॉलर ५० सेंट. दुकानात कॅज्युअलला बोलावलं तर सहसा किमान ३ तासांचे पैसे द्यावेच लागतात, काम तासाभरात संपलं तरी. देशातल्या नोकरदारांपैकी साधारण पाचातला एक जण असा आहे. विद्यार्थ्यांना हे आवडतं, परीक्षेच्या आठवड्यात शिफ्ट नाही घेतली तरी कुणी विचारत नाही. पण वर्षानुवर्षं त्याच रोस्टरवर येणारा माणूस "कॅज्युअल" कसा, यावर कोर्टात मोठ्या लढाया झाल्या आणि ऑगस्ट २०२४ पासून व्याख्याच बदलली, आता कागदावर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्ष काम कसं चालतं हे बघतात आणि कायम व्हायची मागणी कामगाराला करता येते.

गिरणगाव ज्यांच्या घरात होतं त्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स म्हणजे बीआयआर कायद्याने एका भागातल्या एका धंद्याला एकच मान्यताप्राप्त युनियन, तिच्याशीच वाटाघाट, मग लवाद, अशी केंद्रीकृत चौकट घातली होती. कायम गिरणी कामगाराची जागा पक्की, आणि गैरहजेरी भरून काढायला सकाळी गेटवर उभे राहणारे बदलीवाले. गिरणीला जी लवचिकता हवी होती ती सगळी त्या बदलीवाल्यांच्या पाठीवर होती, आणि त्यांना २५ टक्के जादा वगैरे काही नव्हतं, काम मिळालं तर दिवस भरला नाहीतर परत खोलीवर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले तेव्हा बोनस-पगाराबरोबर हा बीआयआर कायदाच रद्द करा ही मागणी होती, कारण कामगार सामंतांच्या मागे आणि कायद्याने बोलायचा हक्क मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ऑस्ट्रेलियात केंद्राने वेळोवेळी खाली वाट करून दिली, आपल्याकडे ती वाट कुणी दिली नाही, आणि काम भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर निघून गेलं जिथे चौकटच नव्हती.

परत तिकडे. आजचं भांडण घरून काम करण्याचं आहे. लहान मूल असलेले, कुणाची काळजी घेणारे, अपंग, ५५ च्या पुढचे, गरोदर, घरगुती हिंसा सोसणारे, यांना वर्षभर नोकरी झाली की कामाच्या पद्धतीत बदल मागायचा हक्क आहे. मालकाने २१ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, नाकारायचं तर धंद्याचं सबळ कारण द्यायचं. पूर्वी नाकारलं की संपलं, वर दाद नव्हती, म्हणजे हक्क कसला, विनंती अर्ज. जून २०२३ पासून आयोग त्यावर निकाल देऊ शकतो. २०२५ मध्ये एका मोठ्या बँकेतल्या कर्मचारी बाईंच्या बाजूने असा निकाल लागला, बँकेचं म्हणणं होतं आठवड्यात दोन दिवस ऑफिसला या, आयोगाने विचारलं का, घरून काम नीट चाललेलं दिसतंय, आणि तुम्ही उत्तरही वेळेत दिलेलं नाही.

ऑफिसातल्या लोकांचा जो क्लार्क्स अवॉर्ड आहे त्यात घरून कामाचं कलम घालायचा विषय आयोगाने स्वतःच काढला. त्यावर मालकांच्या एका मोठ्या संघटनेची मांडणी अशी की ठीक आहे, घरून करा, पण मग दिवसात मधेच पोराला आणायला जाऊन रात्री नऊला लॅपटॉप उघडलात तर त्या तासाचा ओव्हरटाइम आणि जादा दर सोडून देण्याची मुभा करारात असू द्या. युनियन म्हणते ही मुभा दिली की उद्या सगळ्यांकडून तीच सही मागतील.